परक्या कोर्टवर झाडू

साताऱ्यात मी बरी खेळते. हे माझं मीच सांगते आहे, कारण दुसरं कोणी सांगणारं नाही. पण खोटं नाही. आमच्या मुरमाच्या कोर्टवर, अजिंक्यताऱ्याकडे पाठ करून, सकाळी कार्यालयात जायच्या आधी मी सर्व्हिस करते तेव्हा चेंडू मी सांगेन तिथे पडतो. तोच चेंडू, तीच रॅकेट आणि तीच मी, असं तिघांना गाडीत घालून तालुक्याबाहेर नेलं की आमचं आपसात पटत नाही.

हे पहिल्यांदा कळलं वाईला. प्रौढ महिलांची दुहेरी होती, सर्व्हिस माझी होती. चेंडू वर उडवला तो माझ्या डोक्यामागे जाऊन पडला. दुसरा उडवला आणि नेमकी घाटावरच्या देवळात घंटा वाजली. मी रॅकेट बगलेत धरून हात जोडले. खुर्चीवर बसलेल्या पंचांनीही जोडले, पण गुण मात्र समोरच्यांना दिला.

मी यादी करणारी बाई आहे. एका शाळेच्या कार्यालयात अधीक्षक म्हणून काम करते. तिथे परीक्षेपासून स्नेहसंमेलनातल्या वड्यांपर्यंत सगळं यादीवर चालतं. त्यामुळे वाईहून आल्यावर मी भीतीवरच्या उपायांची यादी केली आणि एकेक करून पाहिला. सामन्याआधी केळं खाल्लं. भीती तशीच, वर ढेकर. मोबाइलवरच्या एका बाईंनी सांगितल्याप्रमाणे नाकाने श्वास घेऊन तोंडाने सोडला. समोरच्या जोडीने मला दमा आहे का विचारलं आणि सहानुभूतीने माझ्याकडेच सगळे चेंडू मारले. आमच्या इंग्रजीच्या सरांनी एक परदेशी उपाय सांगितला. समोरच्या प्रेक्षकांच्या अंगावर फक्त आतले कपडे आहेत अशी कल्पना करायची, म्हणजे त्यांचा धाक वाटत नाही. तो मलकापूरला करून पाहिला. पहिल्या रांगेत एक माजी नगरसेवक बसले होते. त्यानंतर संपूर्ण सेटभर मी मान वर केली नाही, आणि मान वर न करता सर्व्हिस होत नाही.

माझी जोडीदार म्हणजे माझी थोरली जाऊ. तिचं माहेर वडूजकडचं. माझे दीर फौजेत सुभेदार होते. एका छावणीत साहेब लोकांच्या टेनिस कोर्टाची देखभाल त्यांच्याकडे आली, आणि साहेब मंडळी दुपारी झोपली की हे नवराबायको तिथे खेळत. निवृत्तीनंतर साताऱ्यात आल्यावर दोघांनी मला ओढलं. माझी साखर वाढली होती आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. जाऊ म्हणाली, "नुसतं चालून कुठं पोचणार हायेस? चल, पळायला लावते."

त्याआधी आम्ही दोघी वर्षानुवर्षं एकमेकींशी सणावारापुरतं बोलत होतो. शेताची वाटणी झाली होती आणि वाटणीत कुणाला काय मिळालं हे प्रत्येकीला स्वतःपुरतं पाठ होतं. भांडण म्हणावं असं नव्हतं. हळदीकुंकू नियमित व्हायचं. पण एकमेकींना बघून हसू यायला लागलं ते कोर्टवर. नेटजवळ उभी राहून ती माझ्या सर्व्हिसची नक्कल करायची, मी तिच्या पळण्याची. पन्नाशीच्या आसपास घरातलंच एक माणूस नव्याने मैत्रीण म्हणून मिळणं ही माझ्या कोणत्याच यादीत नसलेली गोष्ट होती. म्हणून मलकापूरहून येताना ती जे बोलली ते मला लागलं.

"हे बघ, राग मानू नको," ती म्हणाली. "मला हरायचं काय न्हाई वाटत. पण तू तिकडं दगड हून उभी राहतीस आणि मी एकटी माकडावानी नाचते. लोकं हसत्यात. आता सांगलीला जर तुझा हात गोठला, तर मी त्या वाईच्या मास्तरीणबाईंसंगं जोडी करणार. त्या कवाच्या मागं लागल्यात."

"करा की," मी म्हणाले. "मला काय त्याचं."

मला त्याचं फार होतं. वाईच्या मास्तरीणबाई माझ्यापेक्षा तरुण, त्यांची सर्व्हिस जोरात, आणि देवळाची घंटा त्यांना लहानपणापासून सवयीची.

सांगलीचा सामना म्हणजे सांगली शहरात नव्हे, त्याच्या अलीकडे, एका साखर कारखान्याच्या वसाहतीत. दीर गाडी चालवत होते. कराड मागे पडलं. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्या मागे आम्ही, आणि प्रत्येक ट्रॉलीवर कर्ण्यातून गाणी. जाऊ गाण्यावर मान हलवत होती. मी मनातल्या मनात चेंडू उडवत होते आणि तो मनातसुद्धा डोक्यामागे पडत होता.

वसाहतीत पोचलो तर तिथे सामन्याची काही घाई दिसेना. आमच्या भागात पाहुणा आला की त्याला आधी बसवायचं, मग सत्कार करायचा, मग खाऊ घालायचं, आणि तो पुरता जड झाला की मग ज्या कामासाठी बोलावलं त्याकडे वळायचं. आम्हाला फेटे बांधले. फेटा बांधणारा माणूस बहुतेक उसाच्या मोळ्या बांधून आला असावा. मला कानात शिट्टी ऐकू यायला लागली. नारळ मिळाला, शाल मिळाली. शालीची घडी मोडायची नाही म्हणून मी ती पोटाशी धरून तिच्याआड बसले.

माइकवर एक गृहस्थ होते. ते एरवी कबड्डीच्या सामन्यांचं समालोचन करतात असं समजलं, आणि समजलं नसतं तरी कळलं असतं.

"मंडळी, साताऱ्याच्या दोन वाघिणी आल्यात! जावाजावा हायेत, जावाजावा! घरात पटतं का न्हाई ठावं न्हाई, पण मैदानात बघा!"

"घरातबी पटतं!" जाऊ बसल्या जागेवरून ओरडली. लोक खदखदून हसले. मी शालीत आणखी खोल गेले.

प्रमुख पाहुणे यायचे होते, ते येईपर्यंत सामना सुरू होणार नव्हता. मी बसून कोर्ट बघत राहिले. तीच चूक झाली असं मला तेव्हा वाटलं.

कोर्ट सिमेंटचं होतं. हंगाम सुरू असल्यामुळे चिमणीतून जळक्या चिपाडांची काजळी भुरभुरत होती आणि कोर्टवर तिचा थर बसला होता. त्याच जागेवर व्हॉलीबॉल, बॅडमिंटन आणि बहुधा लगोरीसुद्धा खेळत असावेत. प्रत्येकाच्या रेघा वेगळ्या रंगात होत्या आणि टेनिसच्या सगळ्यात पुसट. नेट मधोमध इतकं उंच होतं की पलीकडे धुणं वाळत घातल्यासारखं दिसत होतं. खुर्च्या थेट मागच्या रेघेवर मांडल्या होत्या. मागे सरकून फटका मारायचा तर कुणाच्या तरी मांडीवर बसूनच मारावा लागला असता.

मला त्या काजळीकडे बघवेना. शाळेत पाहुणे यायच्या आधी पटांगण असं दिसलं असतं तर मी शिपायांना उभं राहू दिलं नसतं. मी शाल आणि नारळ दिरांच्या हातात दिले, फेटा उतरवून त्यांच्या मांडीवर ठेवला, आणि यजमान जोडीतल्या एका बाईंना विचारलं, "खराटा आहे का हो?"

त्या उंच होत्या आणि त्यांचा चेहरा गंभीर होता. "अहो, पाहुण्यांनी कशाला हात लावायचा?" त्या म्हणाल्या. "बसा तुम्ही. चहा घ्या."

"चहा झाला. दोनदा झाला. खराटा द्या."

त्यांची जोडीदार गोल चेहऱ्याची आणि हसरी होती. ती हसत हसत तीन खराटे घेऊन आली आणि एक स्वतःच चालवायला लागली. उंच बाई अवघडून उभ्या राहिल्या, मग पदर खोचून त्याही आल्या. अर्धं कोर्ट झाल्यावर मी नेटकडे वळले. रॅकेट उभी धरली, तिच्यावर दुसरी आडवी. मधे नेट असायला हवं ते तेवढंच, हे दिरांनी शिकवलेलं. नेट एक हातभर वर होतं. नेट मधोमध खाली ओढून धरणारा पट्टा नव्हताच.

माझ्या पिशवीत कायम एक नवी नाडी असते, परकराची. कशाला, असं जे विचारतात त्यांच्या परकराची नाडी प्रवासात कधी तुटलेली नसते. ती नेटला मधोमध बांधली, खाली जमिनीतल्या कडीत ओढून गाठ मारली, आणि नेट शहाण्यासारखं खाली आलं.

"वाघीण नेट बांधतीय मंडळी!" माइक गरजला. "कशानं बांधतीय बघा! नाडीनं बांधतीय!"

"तुम्ही जरा इकडे या," मी त्यांना म्हणाले. ते माइकसकट आले. "सर्व्हिस चालू असताना बोलायचं नाही. चेंडू मेल्यावर बोलायचं. समजलं?"

"मेल्यावर," ते माइकमध्येच म्हणाले. "समजलं, बाई."

मग टेनिसच्या रेघांवर चुन्याची फक्की टाकून घेतली. खुर्च्या मागे नेल्या. रेघेवर ठाण मांडून बसलेल्या एका आजोबांना उठवताना जरा वेळ लागला. ते म्हणाले, "आवं, मी हितंच बसतो दर साली." मी म्हणाले, "यंदा तिथं बसा, सावली आहे." ते गेले. तोवर प्रमुख पाहुण्यांचा फोन आला की ते येऊ शकत नाहीत, भाषण मात्र फोनवरून करतील. आयोजक माइकला फोन लावायला निघाले होते. मी म्हणाले, भाषण बक्षिसाच्या वेळी घेऊ. सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला, आयोजकांच्याही.

सामना सुरू झाला. एकच सेट होता. पहिला गेम उंच बाईंच्या सर्व्हिसचा होता, तो त्यांनी घेतला. दुसऱ्यात सर्व्हिस माझी. मी चेंडू आपटला, वर उडवला, मारला. आत पडला. हसऱ्या बाईंचा परतीचा फटका बाहेर गेला. मला तोवर कळलंच नव्हतं की मी परगावी आहे. कळलं ते तेव्हा. हात गोठला नाहीये, असं मनात आलं, आणि मनात यायचा अवकाश, हात गोठला. पुढचा चेंडू नेटमध्ये. त्याच्यानंतरचा कुंपणावर. परत एक डबल फॉल्ट. माइकवाले गृहस्थ चेंडू मरायची वाट बघत होते, आणि माझे चेंडू जन्मालाच येत नव्हते.

नेटजवळून जाऊ माझ्याकडे चालत आली. आता ती वाईच्या मास्तरीणबाईंचं नाव काढणार अशी माझी खात्री होती. ती माझ्या कानाशी लागली.

"ते बघ तिकडं," ती म्हणाली. "मांडवात. बुंदीचं पातेलं उघडं ठेवलंय मेल्यांनी. सगळी काजळी बुंदीत."

मी बघितलं. खरंच उघडं होतं. शेजारीच झाकण पडलं होतं, जमिनीवर, पालथं.

"अहो, कोण आहे तिथे? झाकण टाका त्याच्यावर!" मी ओरडले. एक वाढपी धावला. पण त्याने झाकण तसंच, न पुसता टाकलं. मला असा संताप आला की मी वळले आणि चेंडू मारला. तो मधल्या रेघेला लागून गेला. उंच बाई हलल्यासुद्धा नाहीत.

"असं हाय व्हय," जाऊ स्वतःशीच म्हणाली.

पुढच्या सर्व्हिसच्या आधी ती न वळता म्हणाली, "माइकवाल्यानं सदऱ्याच्या गुंड्या वरखाली लावल्यात." मी बघितलं. एक काज वर, एक गुंडी खाली. मी मारला. आत. "पाण्याच्या जारला नळ न्हाई, समदी वाकवून घ्यायलेत." आत. "त्या बॅनरवर महिलांचा फोटो न्हाई, समदं पुरुषच." हा तर कुणाची रॅकेटही न लागता एसच गेला.

गेम संपल्यावर बाकावर पाणी पिताना ती म्हणाली, "लग्नाच्या घरी गेल्यावर तू काय करतीस गं?"

"काय करते?"

"कोण वळखीचं नसलं की सरळ मुदपाकखान्यात शिरतीस आणि कांदा चिराय बसतीस. घटकाभरात आचारी तुला इचारून मीठ टाकतो. माझ्या भाच्याच्या लग्नात बघितलंय मी. नवरीच्या आईला वाटलं तूच नवऱ्याची आई. तुला परकं काय वाटतंय? तुला नुसतं पाहुणी म्हणून बसवलं की वाटतंय. कामाला लावलं की गाव तुझ्या बापाचं."

माझ्या यादीतल्या उपायांत हा नव्हता. श्वास, केळं, नगरसेवक, सगळ्यांनी मला स्वतःकडे बघायला लावलं होतं. आणि स्वतःकडे बघितलं की माझं हमखास बिघडतं. दुसऱ्याचं काय चुकतंय ते बघायला लागले की मी ठीक असते. हा गुण काही फार सांगण्यासारखा नाही, पण सर्व्हिस आत पडत होती.

मग सेट चांगलाच रंगला. जाऊ फेटा डोक्यावर ठेवूनच खेळत होती. ऊन लागत नाही म्हणाली. प्रत्येक सर्व्हिसआधी ती मला एक गबाळेपणा दाखवत होती आणि मी चिडून मारत होते. चुका पुरवणारं गाव होतं. सत्काराचे हार एका बाकड्यावर उन्हात टाकले होते. एक मोटारसायकल चुन्याच्या पिशवीवर उभी केली होती. माझ्याच दिरांनी माझी शाल उशीला घेतली होती, ते बघून मी मारलेला चेंडू बहुधा आयुष्यातला सर्वांत जोरदार असेल. माइकवाले आता चेंडू मेल्यावरच बोलत होते, पण तेवढ्यात सगळं उरकायचं म्हणून इतक्या वेगाने बोलत की कुणालाच कळत नव्हतं.

सहा-सहा झाले. टायब्रेक लागला. तोही लांबला. समोरच्यांना जिंकायला एक गुण हवा होता आणि सर्व्हिस माझी होती.

मी रेघेवर उभी राहिले. मला आता कुणी काही दाखवायची गरज नव्हती. समोरच्या कोपऱ्यातला फक्कीचा पट्टा वाकडा पडला आहे हे मला आपोआप दिसत होतं. मी त्याच्यावरच नेम धरला. चेंडू तिथेच पडला. हसऱ्या बाईंनी कशीबशी रॅकेट लावली आणि चेंडू वर आला. हळू, मऊ, फुग्यासारखा, थेट नेटजवळ उभ्या असलेल्या माझ्या जावेकडे. छावणीत माझ्या दिरांचे असे कितीतरी चेंडू तिने पालीसारखे ठेचलेले आहेत.

जाऊ चेंडूकडे बघत नव्हती. ती माझ्यासाठी पुढच्या सर्व्हिसची सोय शोधत होती.

"शेळी!" ती किंचाळली. "अगं शेळी! हार खातीय बघ!"

बाकड्यावरचे सत्काराचे हार एक काळी शेळी निवांतपणे खात होती. सगळ्या लोकांनी तिकडे बघितलं. पंचांनी बघितलं. मीसुद्धा बघितलं. त्यामुळे चेंडू जावेच्या पायाशी टप्पा घेऊन दोनदा उसळला, तो क्षण प्रत्यक्ष पाहणारी व्यक्ती एकच होती, आणि ती समोरच्या जोडीतली होती. तिने दोन टप्प्यांची दोन बोटं वर केली.

"मेला!" माइकवाले म्हणाले. "मंडळी, चेंडू मेला! सांगलीकडच्या वाघिणी जिंकल्या! आणि शेळीला हाकला रं कुणीतरी!"

हसऱ्या बाई नेटशी येऊन माझा हात हातात घेऊन इतक्या हसल्या की त्यांना बोलता येईना. उंच बाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडून हसत विचारलं, "पुढच्या वर्षी तुम्ही आयोजन समितीत याल का?" मी त्यांना म्हणाले, पट्टा आणा आधी, नाडी मी घेऊन जाणार आहे.

जेवणं झाली. बुंदी मी घेतली नाही, जावेने दोनदा घेतली. गाडीत बसल्यावर मात्र ती फेट्याची घडी घालत आणि मोडत बसली. कराड जवळ आलं तरी तेच. मी खिडकीबाहेर बघत मजेत होते. परगावी हरले आणि दोष माझा नव्हता असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं, याच्यासारखं सुख नाही. दीर आरशातून आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत होते आणि मिशीत हसत होते.

मग जावेचा मोबाइल वाजला. वाईच्या मास्तरीणबाई होत्या, सामन्याचं काय झालं ते विचारायला आणि, ओघाने, जोडीचं काय ठरलं तेही विचारायला.

"हरलो ओ, थोडक्यात हरलो," जाऊ फोनवर म्हणाली. "न्हाई, न्हाई, हिचा हात कुठला गोठतोय? लय मारलं हिनं. जोडीचं म्हणताय व्हय?" तिने माझ्याकडे चोरून बघितलं. "न्हाई जमायचं मास्तरीणबाई. आमची ही अजून कच्ची हाय. माझ्याबिगर हिला कोण सांभाळणार?"

"फोन इकडे द्या," मी हात पुढे केला. "मला बोलायचंय त्यांच्याशी. मलाही जोडीदार बदलायचीय."

"गप बस की गं!" ती म्हणाली आणि फोन पाठीमागे लपवला.

"नेटवर उभं राहून शेळ्या राखणारी जोडीदार मला नको."

"तुझ्यासाठीच बघत हुते ना!"

"चेंडू बघायचा, वहिनी. चेंडू. पिवळा असतो."

दिरांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, कारण हसता हसता त्यांना समोरचं दिसेना. फोनमधून वाईच्या मास्तरीणबाई हॅलो हॅलो करत होत्या. जावेने फोन तोंडाजवळ नेला आणि म्हणाली, "आवं ठेवा आता. आमचं भांडण लागलंय. उद्या सकाळी कोर्टवर मिटवतो."